भिंतीवरचा फोटो बोलता करू या

ग्रामीण भागातल्या फोटो स्टुडिओत एक काम वारंवार येते. घरातले वडीलधारे माणूस गेलेले असते, तेराव्याला हार घालण्यासाठी फोटो हवा असतो आणि सगळ्या पेट्या, पिशव्या उचकल्यावर हाती लागते ते फक्त आधार कार्ड. स्टुडिओवाला त्यावरचा अंगठ्याएवढा चेहरा मोठा करतो, मागे निळे आकाश लावतो, आजींच्या डोक्यावरचा पदर नीट करून देतो, आजोबांना आयुष्यात कधी न घातलेला कोट चढवतो. चौकट तयार होते. सरकारी यंत्रासमोर श्वास रोखून बसलेला तो चेहरा पुढची कित्येक वर्षे भिंतीवरून घराकडे पाहत राहतो.

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. ओळख पटवण्यासाठी आखलेली ही योजना अनेक गरीब घरांत नकळत आठवण जपण्याची योजनाही ठरली, कारण त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा तोच काय तो एकट्याचा फोटो होता. आज त्याच घरातल्या नातवाच्या मोबाइलमध्ये हजारो फोटो आहेत. आजीचा एक आणि नातवाचे दहा हजार, असा हा फरक. तरीही दोन्हीकडे एक गोष्ट सारखीच आहे. आजीच्या फोटोला वर्षातून एकदा हार घातला जातो, नातवाचे फोटो मोबाइलची जागा भरली की पुसले जातात. दोन्ही फोटोंविषयी घरात फारसे कुणी बोलत नाही.

आणि नेमके तेच महत्त्वाचे आहे. फोटोने मन हलके होते, हा अनुभव जवळपास प्रत्येकाचा असतो. पण तो दिलासा कागदात किंवा मोबाइलच्या पडद्यात साठवलेला नसतो. फोटो काढताना आपण समोरच्या गोष्टीकडे किती लक्ष दिले आणि नंतर तो फोटो हातात घेऊन कुणाशी काय बोललो, यावर तो अवलंबून असतो. स्मृती आणि शोक यांवरचे संशोधनही याच दिशेला बोट दाखवते. म्हणूनच हा विषय केवळ छंदाचा किंवा हळवेपणाचा नाही. तो आरोग्याचा आहे आणि आरोग्यसेवेने त्याची दखल घ्यायला हवी.

दुःख दवाखान्यात कसे येते?

जामखेड हा अहिल्यानगर जिल्ह्याच्या टोकाचा, कमी पावसाचा, ज्वारीचा तालुका. इथल्या आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या गावांमधून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला टोळ्या निघतात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि ती जोडी चार-सहा महिने साखर कारखान्याच्या परिसरात कोपीत राहते. ज्यांना ऊसतोड नको, ती तरुण मुले पुण्याच्या आसपासच्या कंपन्यांत जातात. गावात उरतात म्हातारी माणसे आणि त्यांच्या भरवशावर ठेवलेली लहान मुले. अशा घरात आजोबा गेले, की आजींना त्यांच्याविषयी बोलायला माणूसच राहत नाही.

ही आजी दवाखान्यात येऊन ‘मला दुःख झाले आहे’ असे कधीच सांगत नाही. तिच्या तक्रारी वेगळ्या असतात. छातीत भरून येते, हातापायांना मुंग्या येतात, रात्री दोनला जाग येते ती येतेच, घास गिळवत नाही. रक्तदाब मोजला जातो, साखर तपासली जाते, हृदयाचा आलेख काढला जातो. सगळे ठीक निघाले, की शक्तीच्या गोळ्या मिळतात. तपासण्या करायलाच हव्यात, कारण शोकाचा शरीरावर होणारा परिणाम खरा असतो. अमेरिकेत झालेला एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. जिवलग व्यक्तीच्या मृत्यूनंतर पहिल्या २४ तासांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका नेहमीच्या सुमारे २१ पट होता आणि पुढच्या दिवसांत तो हळूहळू उतरत गेला, असे त्यात दिसले. शोकात तणावाची संप्रेरके वाढतात, झोप मोडते, औषधांच्या वेळा चुकतात. पण तपासण्या झाल्यावर एक प्रश्न राहून जातो : ‘घरात कुणी गेलंय का? कसे होते ते?’ गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात हा प्रश्न विचारायला वेळ नसतो, आणि विचारला तर उत्तर ऐकायला त्याहून नसतो.

विसरायचे की जपायचे?

गेलेल्या माणसाचे सामान लवकर आवरावे, फोटो डोळ्यांआड ठेवावा, म्हणजे दुःख लवकर ओसरते, असा सल्ला अनेक जण देतात. या सल्ल्याला मानसशास्त्रातही जुना आधार होता. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१७ मध्ये शोकाची जी मांडणी केली, तिच्यात गेलेल्या व्यक्तीत गुंतलेले मन हळूहळू सोडवून घेणे हे शोकाचे काम मानले होते. पुढे अनेक दशके हाच विचार प्रमाण राहिला. १९९६ मध्ये क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन या अभ्यासकांनी संपादित केलेल्या ग्रंथाने त्याला धक्का दिला. शोकातून सावरलेली माणसे गेलेल्या व्यक्तीशी असलेले नाते तोडत नाहीत. त्या नात्याचे रूप तेवढे बदलते, असे त्यांनी दाखवले.

मराठी घराला यात नवे काही वाटणार नाही. पितृपक्षात पान वाढणे, वर्षश्राद्ध, आता गावोगावी होणारे ‘प्रथम पुण्यस्मरण’ आणि त्यानिमित्तचे कीर्तन, ही नाते टिकवून धरण्याचीच रूपे आहेत. ‘शेवटचे तोंड पाहणे’ हा शब्दप्रयोगच सांगतो, की डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मन मृत्यू स्वीकारत नाही. करोनाच्या साथीत, २०२० आणि २०२१ मध्ये, असंख्य कुटुंबांना ते तोंड पाहता आले नाही. मृतदेह बांधूनच दिले गेले, अंत्यसंस्काराला मोजकी माणसे. अशा कित्येक घरांत शेवटची आठवण म्हणून उरला तो वॉर्डातून केलेला व्हिडिओ कॉल, नाकावर ऑक्सिजनचा मुखवटा असलेला चेहरा. कुणी तो अजूनही रोज उघडून पाहते, कुणाला तो मोबाइल हातात घेणेही सहन होत नाही. या दोघांनाही मदत लागते आणि ती मदत फोटो पुसून टाकून मिळत नाही. त्या एका चेहऱ्याच्या आधीचे सगळे चेहरे, लग्नातला, शेतातला, नातवाला खांद्यावर घेतलेला, पुन्हा डोळ्यांसमोर यावे लागतात. आजारपणाचे शेवटचे दहा दिवस म्हणजे त्या माणसाचे आयुष्य नव्हे, हे मनाला पटावे लागते.

फोटो मेंदूत काय करतो?

आठवण ही कपाटात ठेवलेल्या वस्तूसारखी नसते. प्रसंगाचे तुकडे मेंदूत वेगवेगळ्या ठिकाणी नोंदले जातात. चेहरा एकीकडे, आवाज दुसरीकडे, त्या वेळची भीती किंवा आनंद आणखी तिसरीकडे. मेंदूच्या आतल्या बाजूला असलेला हिप्पोकॅम्पस हा भाग या तुकड्यांना एकत्र बांधतो. प्रत्येक वेळी आठवताना ती जुळवाजुळव नव्याने होते. फोटो हा यातला एक तुकडा हातात देतो आणि त्याला धरून बाकीचे तुकडे ओढले जातात. आईच्या फोटोतले नऊवारीचे काठ पाहून चुलीवरच्या भाकरीचा वास आठवतो, तो असा.

ब्रिटनमधल्या केंब्रिजमध्ये यावर एक लक्षणीय प्रयोग झाला. मेंदूच्या आजाराने स्मृती गमावलेल्या एका स्त्रीच्या गळ्यात आपोआप फोटो काढणारा छोटा कॅमेरा अडकवला गेला. घडून गेलेला प्रसंग ती काही दिवसांत पूर्ण विसरत असे. ते फोटो तिने दर दोन दिवसांनी पतीसोबत बसून पाहिले, तेव्हा त्यांतले बहुतेक प्रसंग तिला कित्येक आठवडे, महिने आठवू लागले. त्याच प्रकारचे प्रसंग वहीत लिहून वाचून दाखवले, तर तसा परिणाम झाला नाही. हा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. एका रुग्णावरून सर्वांसाठी निष्कर्ष काढता येत नाही, पण त्यातली एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कॅमेऱ्याने फोटो काढले, पण ते पाहायला तिच्याजवळ पती बसलेला होता.

भारतात साठ वर्षांवरील सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात मांडला गेला. हे प्रमाण दर शंभरात सातांहून थोडे अधिक आहे आणि शहरांपेक्षा खेड्यांत जास्त आहे. हा आजार बरा करणारे औषध आज नाही. अशा रुग्णांसाठी जुने फोटो, वस्तू, गाणी यांच्या आधाराने गप्पा मारण्याची एक पद्धत जगभर वापरली जाते. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्ये ‘म्हातारी माणसे जुन्याच गोष्टी सांगत बसतात’ ही तक्रार उलटी करून दाखवली. मागे वळून आयुष्याचा हिशेब जुळवणे ही वृद्धत्वातली स्वाभाविक आणि उपयोगी क्रिया आहे, असे त्यांनी मांडले. पुढची पद्धत याच विचारातून वाढली. कॉक्रेन या संस्थेने २०१८ मध्ये अशा २२ अभ्यासांचा आढावा घेतला. संवाद, मनःस्थिती आणि जगण्याची गुणवत्ता यांत काही ठिकाणी फायदा दिसला, पण तो लहान होता आणि सगळीकडे सारखा नव्हता. म्हणजे हा रामबाण उपाय नाही. मात्र त्याला खर्च नाही, त्याचे दुष्परिणाम फारसे नाहीत आणि तो घरी करता येतो. औषधाच्या दुकानातून आणलेल्या किती गोष्टींबद्दल एवढे म्हणता येईल?

कॅमेरा साथ देतो, दगाही देतो

फोटो काढल्याने आठवण पक्की होते, हा समज मात्र अर्धाच खरा आहे. अमेरिकेतल्या फेअरफिल्ड विद्यापीठातल्या लिंडा हेन्केल यांनी विद्यार्थ्यांना एका कलासंग्रहालयात फिरवले. काही वस्तू नुसत्या पाहायच्या, काहींचे फोटो काढायचे. दुसऱ्या दिवशी विचारले, तेव्हा फोटो काढलेल्या वस्तू कमी आठवल्या. ‘कॅमेऱ्याने पाहिले, आता मी कशाला पाहू’ असा कारभार मेंदूने केला होता. पण ज्यांनी वस्तूच्या एखाद्या भागावर कॅमेरा जवळ नेऊन फोटो काढला, त्यांची आठवण शाबूत राहिली. इतकेच नव्हे, तर चौकटीत न आलेला भागही त्यांना आठवत होता. २०१७ मधल्या दुसऱ्या एका संशोधनात, आपल्या मर्जीने फोटो काढणाऱ्यांना पाहिलेले जास्त आठवले, पण ऐकलेले कमी आठवले.

या दोन्हींचा अर्थ एकच निघतो. लक्ष देऊन काढलेला फोटो आठवण जपतो आणि सवयीने दाबलेले बटण ती पुसते. लग्नात अक्षता टाकायच्या वेळी सगळ्यांचे हात वर आणि प्रत्येक हातात मोबाइल, मंगलाष्टके मात्र कुणाच्या कानावर पडत नाहीत. ही केवळ शिष्टाचाराची बाब नाही. त्यात स्मृतीचा व्यवहार तोट्याचा होतो.

आनंदाच्या बाबतीतही असेच आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नऊ प्रयोगांच्या मालिकेत दोन हजारांहून अधिक लोक सहभागी होते. फोटो काढणारे लोक त्या अनुभवात जास्त रमले आणि त्यामुळे त्यांना आनंदही जास्त मिळाला, असे दिसले. पण अनुभव क्लेशदायक असेल, तर फोटो काढल्याने क्लेशही वाढला. अपघाताच्या ठिकाणी, अतिदक्षता विभागात, चितेजवळ मोबाइल काढणाऱ्यांनी हे समजून घ्यायला हवे. रुग्णाच्या संमतीशिवाय काढलेला त्याचा असहाय अवस्थेतला फोटो त्याच्या प्रतिष्ठेला धक्का देतोच, शिवाय काढणाऱ्याच्या मनातही तेच दृश्य कोरून ठेवतो.

मग काय टिपावे? ब्रिटनमधल्या लिझ ब्रूस्टर आणि अँड्र्यू कॉक्स यांनी रोज एक फोटो काढण्याची सवय असणाऱ्यांचा अभ्यास केला. या सवयीने दिवसातला थोडा वेळ स्वतःसाठी राखला जातो, इतरांशी बोलणे घडते आणि मागे वळून पाहायला काहीतरी राहते, असे त्यांना आढळले. त्यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही, निसर्गरम्य ठिकाणही लागत नाही. उन्हात वाळत घातलेल्या कुरडया, ज्वारीच्या कणसावर बसलेले पाखरू, गोधडी शिवणारे सुरकुतलेले हात, दारातली तुळस, बैलाच्या कपाळावरचा भोवरा, शाळेत निघालेल्या पोरीच्या वेणीची रिबीन. रोजच्या धबडग्यात एक मिनीट थांबून ‘आज यात काय वेगळे आहे’ असे पाहणे, हाच त्यातला गुण. शोकात बुडालेल्या माणसाला सगळे दिवस सारखेच वाटू लागतात. आजचा फोटो कालच्यापेक्षा वेगळा निघतो, तेव्हा दिवस पुन्हा वेगवेगळे होऊ लागतात.

पाहणे आणि श्रद्धा

आपल्याकडे पाहण्याला श्रद्धेत मोठे स्थान आहे. देवळात जाऊन आपण ‘दर्शन घेतले’ म्हणतो. पैठणहून निघणारी संत एकनाथ महाराजांची पालखी जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यावरून पंढरपूरकडे जाते. पालखीच्या वाटेवर उभ्या राहिलेल्या आणि पंढरीपर्यंत चालणे आता न झेपणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना ते क्षणभराचे दर्शन वर्षभर पुरते. वारीला गेलेल्या मुलाने कळसाचा फोटो पाठवला, तर आजी मोबाइलच्या पडद्यालाच हात लावून कपाळाला लावते. यात हसण्यासारखे काही नाही. दूर असलेल्याशी जोडले जाण्याचा तो तिचा मार्ग आहे. संदेश भंडारे यांच्यासारख्या मराठी छायाचित्रकाराने वारीवर आख्खे पुस्तक केले, त्यातही पाहण्यासारखी असतात ती वारकऱ्यांची साधी माणूसपणाची दृश्ये.

देवघराशेजारी गेलेल्या माणसाचा फोटो, त्याला रोज फूल, संध्याकाळी दिवा, या नेमातही आरोग्याचा भाग आहे. मायकेल नॉर्टन आणि फ्रान्सिस्का जिनो यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, छोटासा विधी केल्याने शोकाची तीव्रता कमी होते, असे दिसले. विशेष म्हणजे, विधींवर विश्वास नसणाऱ्यांनाही हा फायदा झाला. मृत्यूने हातातले सगळे काढून घेतल्यासारखे वाटत असते. ठरलेल्या वेळी ठरलेली कृती केल्याने ‘माझ्या हातात काहीतरी आहे’ ही भावना परत येते, असे त्यांचे स्पष्टीकरण आहे. देव मानणाऱ्याने दिवा लावावा, न मानणाऱ्याने वाढदिवसाला त्या माणसाच्या आवडीचे झाड टिपावे. मनाला दोन्ही चालते.

जामखेडचा धडा

या सगळ्याचा आरोग्य यंत्रणेशी काय संबंध, असा प्रश्न पडेल. त्याचे उत्तर जामखेडमध्येच आहे. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने इथे सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. मोठे रुग्णालय बांधून भागणार नाही, हे त्यांनी लवकर ओळखले. गावातल्याच, बहुतेक निरक्षर आणि अनेकदा दलित समाजातल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. या बायकांना पुस्तक वाचता येत नव्हते, पण चित्रांची कार्डे हातात धरून त्या शेजारणीशी बोलू शकत होत्या. जुलाब झालेल्या बाळाला काय पाजावे, गरोदरपणात काय खावे, हे त्या चित्र दाखवून आपल्या बोलीत सांगत. चित्र हे निमित्त होते, पटत होते ते आपल्यातल्या बाईचे बोलणे. या कामासाठी १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गावातल्या बाईला आरोग्याच्या केंद्रस्थानी ठेवणारा हा विचार पुढे २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातल्या ‘आशा’ योजनेतही उतरला.

डिसेंबर २००८ मध्ये ‘नॅशनल जिओग्राफिक’ मासिकाने जामखेडच्या या आरोग्यसेविकांवर लेख छापला. त्यातली लिन जॉन्सन यांची छायाचित्रे जगभर पाहिली गेली. बाहेरच्या माणसाने काढलेल्या उत्तम छायाचित्रांची किंमत मोठीच आहे. पण स्वतःचे आयुष्य स्वतः टिपण्याची ताकद वेगळी असते. कॅरोलिन वांग आणि मेरी अ‍ॅन बरिस यांनी नव्वदच्या दशकात चीनच्या युनान प्रांतातल्या खेडुत बायकांच्या हाती कॅमेरे दिले. आपल्या आरोग्याविषयी, कष्टांविषयी काय दाखवायचे ते त्या बायकांनी ठरवले आणि आपण काढलेले फोटो समोर ठेवून त्या गटात बोलल्या. ही पद्धत आज सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात जगभर वापरली जाते. इथेही फोटो आणि बोलणे ही जोडी सुटलेली नाही.

जामखेडचा धडा शोकालाही लागू करता येईल. ग्रामीण महाराष्ट्रात मानसोपचारतज्ज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणी असतो. तालुक्याच्या वाड्यावस्त्यांवर तो पोहोचणे अवघड आहे. आशाताई मात्र प्रत्येक उंबऱ्यापर्यंत जाते. ज्या घरात वर्षभरात मृत्यू झाला आहे किंवा जिथे म्हातारे माणूस एकटे राहते, तिथल्या भेटीत तिने ‘गोळ्या घेता का’ याबरोबर आणखी एक वाक्य बोलावे : ‘भिंतीवर कुणाचा फोटो आहे, जरा सांगा ना.’ पाच-दहा मिनिटे ऐकावे. झोप, भूक, जगण्याचा कंटाळा यांची चौकशी त्या बोलण्यातच होऊन जाते आणि कुणाला पुढे पाठवायला हवे, हेही कळते. अर्थात, आधीच कामाच्या ओझ्याखाली असलेल्या आशाताईंवर आणखी एक फुकटचे काम लादणे योग्य नाही. वृद्धांच्या आरोग्यासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सरकारकडे आहेत. या भेटीला त्यांत स्थान, थोडे प्रशिक्षण आणि मोबदला मिळायला हवा. यंत्रसामग्रीपेक्षा हा खर्च नक्कीच कमी असेल.

काही सावधगिरी

फोटोवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. २००२ मधल्या एका प्रयोगात, लहानपणी कधीही फुग्याच्या विमानात न बसलेल्या लोकांना तसा बनावट फोटो दाखवला गेला. वारंवार विचारणा केल्यावर निम्म्या लोकांना तो कधीच न घडलेला प्रवास थोडाफार ‘आठवला’. आज मोबाइलवर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने गेलेल्या आजोबांना हसवता येते, हलवता येते, न काढलेल्या फोटोत नातवाशेजारी बसवता येते. एकदा पाहून बरे वाटेलही. पण मूळ फोटो तसाच जपावा, बनवलेल्या फोटोवर तसे लिहून ठेवावे आणि लहान मुलांना, विसरभोळ्या वृद्धांना तो खरा म्हणून दाखवू नये. आठवण मुळातच हळवी असते, तिच्यात भेसळ नको.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला फोटो दाखवताना ‘ओळखा पाहू, हे कोण?’ अशी परीक्षा घेऊ नये. नाव आठवले नाही, की तो खजील होतो, चिडतो. ‘ही आपली वाड्यातली विहीर, इथं तुम्ही पोहायला शिकलात म्हणे’ असे आपणच सांगावे आणि त्याला जे सुचेल ते बोलू द्यावे. नवरा गेल्याचे विसरलेल्या आजींना फोटो दाखवून प्रत्येक वेळी मृत्यूची बातमी नव्याने देऊ नये. एखादा फोटो पाहून रडू आले तर घाबरू नये. मात्र ज्याला नको आहे, त्याच्या हातात फोटो कोंबूही नये. प्रत्येकाची वेळ वेगळी असते.

आणि फोटो म्हणजे उपचार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात ‘लांबलेला शोक’ हा स्वतंत्र विकार मानला आहे. सहा महिने उलटले आणि त्या समाजाच्या रीतीपेक्षा कितीतरी जास्त काळ माणूस तीव्र ओढीत, वेदनेत अडकून राहिला, रोजचे व्यवहार थांबले, तर तो असू शकतो. जवळचे माणूस गमावलेल्या प्रौढांपैकी सुमारे दहातल्या एकाला तो होतो, असे अभ्यास सांगतात. दिवसभर फोटोसमोर बसून राहणे, जेवणखाण सोडणे, ‘मलाही त्यांच्याकडे जायचंय’ असे वारंवार म्हणणे ही धोक्याची खूण आहे. तेव्हा डॉक्टरांना दाखवावेच. सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मराठीतूनही बोलते.

आजपासून काय करता येईल?

घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे फोटो ती हयात असताना काढावेत. भिंतीला टेकवून, ताठ बसवून नव्हे, तर त्यांच्या कामात असताना : भाकरी थापताना, पेपर वाचताना, नातवाची नखे कापताना. हातांचे फोटो काढावेत, हात चेहऱ्याइतकेच बोलतात. त्यांचा आवाजही दोन-चार मिनिटे नोंदवून ठेवावा. वर्षातून निदान वीस-पंचवीस फोटो छापून घ्यावेत आणि प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने नाव, गाव आणि साल लिहावे. ओलावा आणि वाळवी यांपासून ते जपावेत. मोबाइल हरवतो, फुटतो, त्याचा पासवर्ड माणसाबरोबर निघून जातो. २०११ मध्ये जपानला त्सुनामीचा तडाखा बसला, तेव्हा स्वयंसेवकांनी चिखलातून लाखो फोटो वेचून, धुऊन, वाळवून लोकांना परत केले. घर वाहून गेलेली माणसे आधी आपले फोटो शोधत येत होती. पुराचे अनुभव घेतलेल्या महाराष्ट्राला हे वेगळे समजावून सांगायला नको.

मुले ऊसतोडीला किंवा कंपनीत गेली असतील, तर त्यांनी रोज एक फोटो घरी पाठवावा आणि त्यासोबत दोन वाक्ये बोलून पाठवावीत. घरच्यांनीही उलट तसेच करावे. आजीला मोबाइल हाताळता येत नसेल, तर तो नातवाने धरावा आणि काय टिपायचे ते आजीने सांगावे. महिन्यातून एकदा, अमावास्येला म्हणा, पौर्णिमेला म्हणा किंवा बाजाराच्या दिवशी, सगळ्यांनी बसून जुने फोटो पाहावेत आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला बोलू द्यावे. त्याने तीच गोष्ट चौथ्यांदा सांगितली, तरी मध्ये तोडू नये. ती सांगताना त्याचे मन हलके होत असते आणि ऐकणाऱ्या पोराच्या मनात ती पहिल्यांदाच रुजत असते.